बुटक्या चिंचेच्या मुळ्या

बायको जाऊन अडीच महिने झाले न्हाईत, तवर तिची चिंच म्या मारायला घेतली. मुद्दाम न्हाय. पण हात माझाच.

चिंच म्हंजे कुंडीतली. हातभर उंच, बुडाला पायाच्या अंगठ्याएवढी जाड. लोहारा गावात दिलेल्या लेकीनं एकदा आईला फोनवर दाखवलं, लोक असली बुटकी झाडं परातीएवढ्या कुंडीत वाढवतात, त्याला बोन्साय म्हणतात. त्याच आठवड्यात बायकोनं बांधावरच्या चिंचेचे चिंचोके आणले. दगडावर घासले, कोमट पाण्यात भिजवले, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत लावले. उगवले बरेच, जगला एक. म्या म्हणलं, बांधावर एवढं झाड असताना हे थोटं कशाला? ती म्हणली, "बांधावरचं तुमचं. हे माझं."

बारा वर्षं पोसलं तिनं. दोन-तीन वर्षांनी कुंडीतनं काढायची, मुळ्या धुवायची, वाढलेल्या कापायची, परत लावायची. मी ओट्यावर तंबाखू मळत बघायचो. कवा करती, कशी करती, कधी विचारलं न्हाय. माणूस घरात असल्यावर कोण विचारतंय.

दवाखान्यात शेवटी तिचं बोलणं कमी झालं होतं. एकदा डोळे उघडून म्हणली, "औंदा मुळ्या कापायच्या राह्यल्यात." म्या म्हणलं, मी कापतो. ते तिचं शेवटचं काम, म्या अंगावर घेतलं.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रं राहत न्हाय, सगळे रानात. ज्वारीत पूजा, भज्जी, आंबील. शेजारच्या म्हाताऱ्यानं हाक मारली, "चला की, एकटं बसून काय भिंती चाटता?" पण वर्षाच्या आत घरात सण न्हाय. मी थांबलो. गल्ली अशी गप, की कुंडीत पाणी मुरलेलं ऐकू यावं. तवा ध्यानात आलं, आज अमावस्या. बापानं शिकवलेलं, लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावं, अमावस्येला तर बेस, भुंगा लागत न्हाय. आढं, औत, सगळ्याची लाकडं म्या जन्मभर तशीच तोडली. एकाला भोक न्हाय. म्हणलं, तिच्या झाडाला बी कीड नको.

कुंडी पालथी केली. मुळ्या धुतल्या. पांढऱ्या केसासारख्या बारीक होत्या, त्या मला कचरा वाटल्या. त्या सगळ्या काढल्या. जाड ठेवल्या. जाड तेच कामाचं, असंच आजवर धरून चाललो.

चिंच रात्री पानं मिटती, सकाळी उघडती. चवथ्या दिवशी मिटलेली पानं उघडली न्हाईत. आठव्या दिवशी वारा नसताना गळाय लागली. म्या ती गोळा करून फडक्यात ठेवली. फेकवंना.

लेकीला फोन केला. तिनं विचारलं, कवा कापल्या? सांगितलं. मग म्हणली, "आण्णा, ते तोडलेल्या लाकडाचं असतंय. हे जितं होतं." आई फाल्गुन सरताना, पालवी फुटायच्या तोंडाला कापायची, थंडीत हात लावत नव्हती, आन् पाणी त्या बारीक मुळ्याच पितात, हे तिनं हळूहळू सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हणली, नखानं साल खरवडून बघा, खाली हिरवं असलं तर जीव हाय.

शेंड्याला खरवडलं, तपकिरी. दोन बोटं खाली, तेच. मधोमध हिरवं लागलं आन् मी तिथंच बसलो. दुसऱ्या दिवशी परत बघितलं. कालच्या जागेखाली खरवडावं तवा हिरवं सापडलं. तिसऱ्या दिवशी अजून खाली. सकाळी उठलो की चूळ भरायच्या आधी नख लावायचो.

रविवारी लेक आली. खोडभर ओरखडे बघितले. म्हणली, "उरलंय ते तरी राहू द्या, आण्णा." कुंडी लोहाऱ्याला न्यायची म्हणत होती. म्या दिली न्हाय. ती जेवली न्हाय, तशीच जीपला गेली.

मातीच्या वर चार बोटं खोड राहिलंय, न खरवडलेलं. आत काय हाय, ठाऊक न्हाय. फाल्गुन अजून लांब हाय. पाणी शिंपडतो आन् बाजूला होतो. नखं म्या मांसापातुर कापून टाकलीत.