सातवा आक्षेप

"मॅडम, ये पेपर आप किसकी तरफ से लिख रही हैं?"

आमच्या एचओडींनी माझा ड्राफ्ट टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला चष्मा ठेवला. एकूण आठ पानं होती. त्यातली चार विरुद्ध बाजूचीच होती.

"चार पन्ने उनकी वकालत. एक पैराग्राफ में निपटाइए. शुक्रवार को कमिटी है."

मी "जी" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पूर ओसरल्यानंतरचे दिवस बनारसमध्ये अर्धवट झोपेतले असतात. ऊन पातळ पडतं. हवेत ओल असते. माणसं सावकाश बोलतात. आणि नदीच्या काठाकाठानं, जिथे जिथे पाणी चढलं होतं तिथे तिथे, मऊ करडा गाळ पसरलेला असतो. मला लहानपणापासून तो आवडतो. त्यात पाय घातला की पाय आपला राहत नाही.

माझा पेपर त्या गाळावरच होता.

मी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवते. नदी काय आणते, कुठे टाकते आणि का टाकते, हा माझा विषय. पूर उतरला की आमच्याकडे घाटांवर पंप लागतात. जाड पाइपमधून नदीचंच पाणी जोरात मारतात आणि गाळ परत नदीत ढकलतात. पायऱ्या लख्ख होतात. सगळे खूश. माझं म्हणणं असं, की हे थांबवावं. त्या जोरानं दगडांच्या सांध्यांतला जुना चुना सुटतो. पायरी वरून धुतल्यासारखी दिसते आणि आतून पोकळ होत जाते. ढकललेला गाळही फार लांब जात नाही, काठाशीच बसतो. त्यापेक्षा तो वाळू द्यावा, फावड्यांनी उचलावा आणि नावांतून दुसरीकडे न्यावा. वेळ लागेल, पण पायऱ्या टिकतील.

यावर शहरात दोन तट होते. म्हणून एका कमिटीनं आमच्या डिपार्टमेंटकडे पोझिशन पेपर मागितला. शोधनिबंध म्हणजे शोधायचं आणि सापडलं ते सांगायचं. पोझिशन पेपरात आपली बाजू आधीच ठरलेली असते. ती समोरच्याला पटवायची. जरा वकिली, जरा मास्तरकी.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्यासारखं उशिरा कळायला नको. या पेपरात आमच्या तात्यांचं कार्तिकस्नान पणाला लागलं होतं. हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. फक्त मला दिसलं नाही, आणि पेपर मी लिहीत होते.

तात्या आमचे समोरचे. रामघाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या घराकडे तोंड करून उभं आहे. दोन्हींच्या मधून एक गाय जाईल आणि एक माणूस थांबेल एवढीच जागा. तात्यांनी जन्मभर पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवलं. आता चौऱ्याऐंशी वय. गुडघे गेले, आवाज राहिला. लहानपणी त्यांनी मला संस्कृत शिकवलं होतं. मी इंजिनिअर झाले याचं त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांच्या मते नदी आणि न्याय दोन्ही एकाच बाजूला वाहतात. कोणत्या बाजूला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

ती चार पानं त्यांच्यामुळेच झाली होती.

पेपर माझ्याकडे आला त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. वरच्या खोलीत खिडकीशी त्यांची बैठक असते. खाली नदी, अजून मातकट आणि फुगलेली. मी बाजू सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"ठीक आहे. पूर्वपक्ष कुठाय?"

पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं. जुन्या शास्त्रार्थात आधी ते मांडायचं, मग त्याला उत्तर द्यायचं आणि मग आपला निर्णय सांगायचा. तात्यांचा नियम याहून कडक होता. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. ते वाचून दाखवायचं आणि त्याची मान डोलली तरच पुढे जायचं. उत्तर दिल्यावर पुन्हा त्याच्याकडे बघायचं. पुन्हा मान डोलली, तर तो आक्षेप संपला.

"पण समोरचा कुठून आणू?" मी म्हटलं.

"मी बसतो ना समोर."

पाठशाळेत हे रोजचं होतं. गुरुजी विरुद्ध बाजू घ्यायचे, कधी बौद्धांची, कधी मीमांसकांची, आणि विद्यार्थ्याला घाम फोडायचे. तास संपला की सगळे मिळून चहा प्यायचे. गुरुजींना ते खरंच तसं वाटतं का, हे कोणी विचारत नसे. विचारायचं नसतंच मुळी.

पुढचे आठ-दहा दिवस मी संध्याकाळी जात राहिले. ते दिवस आठवले की मला सगळं एकाच लांब संध्याकाळसारखं दिसतं. नदी रोज थोडी उतरायची. रोज एखादी पायरी गाळाखाली आहे हे कळायचं, म्हणजे तिचा नुसता आकार दिसायचा, पांघरुणाखाली झोपलेल्या माणसाचा दिसतो तसा. तात्या डोळे मिटून आक्षेप घालायचे आणि मी लिहून घ्यायचे. गाळ नदीनंच आणला, तिनंच न्यावा, यात वावगं काय? गल्ल्यांत गाडी येत नाही, मग उचललेला गाळ जाणार कसा? वाळेपर्यंत दुर्गंधी आली तर? त्यांच्या आवाजाला असा काही ठेका होता, की पेन चालत असताना मी निम्मी तिथे असायचे आणि निम्मी पाण्यावर. कधी कधी त्यांचे आक्षेप मला माझ्या बाजूपेक्षा सुंदर वाटायचे.

सातवा आक्षेप त्यांनी शेवटच्या आदल्या संध्याकाळी घातला. तो मी होता तसा लिहून घेतला आहे.

"समजा एक म्हातारा आहे. मौंजीपासून दर कार्तिकात पहाटे तो नदीत उतरतो. डोक्यावर लोटा ओतून घ्यायचा नाही, नदीत उभं राहायचं, हा त्याचा नेम. शेजारच्या घाटावर जायचं तर गल्लीतून चढउतार आहे आणि त्याचे गुडघे चालत नाहीत. खालच्या सीढ्या गाळात असल्या तर नावेपर्यंतसुद्धा त्याला पोचता येणार नाही. तुझ्या पायऱ्या शंभर वर्षं टिकतील. त्याच्याकडे शंभर वर्षं नाहीत. त्याला काय सांगशील?"

मी दुसऱ्या दिवशी उत्तर लिहून आणलं आणि वाचलं. "वृद्धांनी या काळापुरता पर्यायी घाट वापरावा."

तात्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मतलब, हेच उत्तर?"

"हो. जागा कमी आहे, तात्या. परवा द्यायचाय."

"बरं. पुढे वाच."

मी पुढे वाचलं.

त्यानंतर एचओडींनी चार पानांचा पॅराग्राफ करायला सांगितला आणि मी केला. सातव्या आक्षेपाचे सहा शब्द उरले. शुक्रवारी कमिटीपुढे मी बोलले. चांगली बोलले. सांध्यांतल्या चुन्याचे फोटो दाखवले. एका मेंबरनं विचारलं, "और स्नान करने वाले?" मी म्हटलं, "सर, बगल में घाट है." त्यांनी मान डोलावली. निर्णय झाला की यंदा एका घाटावर ट्रायल करायची. तिथे पंप लागणार नाही, गाळ वाळू द्यायचा. घाट कोणता? मॅडम राहतात तोच घ्या, नजर ठेवायला सोपं.

मला इतका आनंद झाला की मी येताना सर्वांसाठी मलाई गिलौरी, म्हणजे इथली सायीची मिठाई, घेतली. तात्यांनाही दिली. त्यांनी एक खाल्ली आणि म्हणाले, "वादात जिंकलीस. छान झालं."

कोजागिरी झाली. दुसऱ्या दिवसापासून इथे कार्तिकस्नान सुरू होतं आणि संध्याकाळी घाटांवर आकाशदिवे चढतात. उंच बांबू, वर दोरीनं ओढलेली वेताची टोपली, टोपलीत दिवा. पितरांना वाट दिसावी म्हणून. धुकं पडलं की बांबू दिसत नाहीत, नुसते दिवे अधांतरी राहतात. मी गॅलरीत उभी राहून ते बघायचे आणि आपण किती चांगलं काम केलं असं मनाशी म्हणायचे.

तिसऱ्या पहाटे मला लवकर जाग आली. खाली बघितलं तर तात्या घाटावर होते. वरच्या, कोरड्या पायऱ्यांपैकी शेवटच्या पायरीवर काठी टेकून उभे. त्यांच्यापुढे गाळ, सपाट आणि चकचकीत, आणि त्यापलीकडे नदी. आमचा नाववाला छोटेलाल गुडघाभर चिखल तुडवत त्यांच्याकडे लोटा घेऊन येत होता. तात्यांनी तो लोटा हातात घेतला. डोक्यावर ओतला नाही. थोडा वेळ तसाच धरला आणि पाणी हळूच गाळावर सोडून दिलं.

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

तात्या कार्तिकात नदीत उतरतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. घराला जिना आहे हे जसं माहीत असतं, तसं ते माहीत होतं. पण त्या खोलीत ते माझे परीक्षक होते, आणि परीक्षकाला स्वतःचे गुडघे असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी तशीच त्यांच्याकडे गेले. ते पंचा पिळत होते. तो कोरडाच होता.

"तात्या, तो म्हातारा तुम्ही होतात."

"पूर्वपक्ष कोणाचा हे बघायचं नसतं. बघितलं की उत्तर मऊ पडतं."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू पेपर बदलला असतास. पेपर बरोबर आहे, वसू. ते चुन्याचं मला पटलं." त्यांनी पंचा दोरीवर टाकला. "फक्त सातव्याला मी मान डोलावली नव्हती."

"मला वाटलं, डोलावलीत."

"तू खाली बघून वाचत होतीस."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाले, "चहा ठेव. साखर कम."

पेपर मागे घ्यायचा प्रश्न नव्हता. पंप लावले असते तर चारच दिवसांत तात्या नदीत असते आणि सांधे पुन्हा सुटले असते. माझं म्हणणं खरं होतं. पण एका माणसाला मी उत्तर देणं लागत होते आणि ते मी दिलं नव्हतं. मी कॉलेजात फोन करून रजा घेतली आणि छोटेलालकडे फावडी आहेत का विचारलं.

"दीदी, आप मिट्टी काटेंगी?" तो म्हणाला. "इंजीनियर होके?"

"इंजीनियर हूँ इसीलिए."

ओला गाळ कापायला वाटतो त्याहून अवघड. फावडं घातलं की तो आत ओढतो आणि काढलेली जागा हळूहळू भरत येते. पहिल्या दिवशी आम्ही पायऱ्यांच्या एका कडेला माणूसभर रुंद वाट काढली. दुसऱ्या दिवशी ती निम्मी बुजली होती. मग मी वर्गात जे शिकवते ते मला आठवलं. बाजूच्या भिंती उभ्या ठेवल्या तर त्या ढासळणारच. त्यांना उतार दिला आणि पायथ्याशी जुन्या नावेच्या फळ्या आडव्या लावल्या. पाणी मारलं नाही, सांध्यांना धक्का लावला नाही. नदी रोज आणखी खाली जायची, तसे आम्हीही मागोमाग खाली जायचो. धुक्यात पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते दिसत नसे. पायाला गार लागलं की समजायचं.

एचओडींचा फोन आला. कोणीतरी फोटो पाठवला होता.

"मॅडम, ये रास्ता तो पेपर में नहीं है."

"नहीं था, सर. अब लिखूँगी."

खणायला लागल्यापासून पाचव्या पहाटे छोटेलाल तात्यांना धरून घेऊन आला. एका हाताला तो, एका हाताला मी. फळ्यांवरून ते एकेक पायरी मोजल्यासारखे उतरले. वरून दोन आकाशदिवे अजून मिणमिणत होते. पाणी घोट्याला लागलं तेव्हा ते थांबले, आणि मला वाटलं गार लागलं असेल. मग त्यांनी आमचे हात सोडले आणि कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले. पुष्कळ वेळ. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. धुक्यात फक्त त्यांची पाठ दिसत होती. मला आजही ती पहाट आपण जागेपणी बघितली की झोपेत, हे ठामपणे सांगता येत नाही.

वर आल्यावर ते ओल्या धोतरानिशी पायरीवर बसले.

"आता वाच."

माझ्या हातात कागद नव्हता. मी तोंडानंच सातवा आक्षेप म्हटला, त्यांच्याच शब्दांत. मग उत्तर म्हटलं. "जिथे गाळ वाळू द्यायचा, तिथे आधी हातानं एक वाट पाण्यापर्यंत काढावी, आणि नदी उतरेल तशी ती रोज वाढवावी." या वेळी मी त्यांच्याकडे बघत होते.

तात्यांची मान डोलली.

सुधारलेला पेपर मी महिन्याभरानं दिला. त्यात पूर्वपक्ष साडेचार पानांचा आहे. एचओडींनी तो चाळला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि सही केली. ट्रायल पुढच्या वर्षीही चालू ठेवायचं ठरलं, वाटेसकट.

हल्ली माझे विद्यार्थी पोझिशन पेपर कसा लिहायचा असं विचारतात. संदर्भ कसे द्यावेत, मुद्दे कोणत्या क्रमानं घ्यावेत, हे त्यांना पुस्तकात मिळतं. मी एवढंच सांगते, की ज्याला उत्तर देताय त्याला ते वाचून दाखवा, आणि वाचताना मधूनमधून मान वर करा.