पिस्ता की मोतिया

अक्का गेली तेव्हा मी जळगावच्या घरात मोबाईल हातात धरून भिंतीवर ऊन यायची वाट बघत उभा होतो. सकाळच्या उन्हात पिस्ता रंग कसा दिसतो आणि मोतिया कसा, याचा फोटो तिला हवा होता. त्याच मोबाईलवर धुळ्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली." सव्वा महिना झाला... अजून मला रडू येत नाही, रागच येतो.

अक्का माझी थोरली बहीण. भावजी गेल्यावर तिनं कायमचं माझ्याकडे राहायला यावं, असा हट्ट मीच धरला आणि मागची खोली तिच्यासाठी रिकामी केली. ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, तोवर असोद्याच्या भिकनभाऊ रंगाऱ्यानं भिंतीवर दोन्ही रंगांचे नमुने मारून ठेवले होते. समोर खुर्ची टाकून ती बराच वेळ बसली आणि म्हणाली, "इतली घाई कसानी शे तुले? वाळू दे, मंग सांगसू." धुळ्याला परतल्यावर तिचे फोन सुरू झाले. ट्यूबलाइटमध्ये दाखव, पडदा लावून दाखव, पिस्ता दवाखान्यासारखा वाटस का रे? "अक्का, तुझं लग्नसुद्धा एवढ्या वेळात जमलं होतं," मी चिडवायचो. ती हसायची, हसताना तिला धाप लागायची... आणि मी गाढव, फोटो काढत बसायचो.

दहाव्याला भाच्यानं सांगितलं. आखाजीच्या आधीच डॉक्टरांनी हात टेकले होते. घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मामाला सांगायचं नाही, अशी तिनं शपथ घातली होती. मी भरल्या ताटावरून उठून आलो. फसवायला तिला मीच सापडलो? परवा भिकनभाऊंना बोलावलं, तर ते मान खाली घालून म्हणाले, "अक्कानं मले तवाच सांगतलं व्हतं, पिस्ता. पन भाऊले सांगू नको म्हने, रंग ठरना म्हंजे तो मले लेवाले धुळ्याले यी."

म्हणजे रंग ठरला की मी तिला न्यायला जाईन आणि सगळं कळेल, म्हणून ही टाळाटाळ; रंगाऱ्यालाही पिस्ता माहीत, आणि सख्ख्या भावाला नाही! "मोतिया मारा," मी ओरडलो, "सगळ्या खोलीला मोतिया!" त्यांनी तीन भिंती संपवल्या. चौथीवर रोलर त्या पिस्त्याजवळ आला, तेव्हा मात्र मीच त्यांचा हात धरला.

तेवढा ताटाएवढा तुकडा तसाच आहे. सकाळी आठच्या सुमारास ऊन नेमकं त्याच्यावर येतं. दवाखान्यासारखा मुळीच वाटत नाही गं, अक्का... हे आता मी कोणाला फोन करून सांगू?