भिंतीला पोट आलं तेव्हा

त्या वर्षी उपासनेत मी डोळे मिटत नव्हतो. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले की सगळी मंडळी मान खाली घालायची, आणि मी मात्र पश्चिमेच्या भिंतीकडे बघत बसायचो. भिंतीला पोट आलं होतं. भिंत मधूनच फुगून पुढे आली की आम्ही गवंडी असं म्हणतो, आणि अशी भिंत कधी खाली येईल याचा नेम नसतो. मिशनच्या कचेरीतली माणसं येऊन बघून गेली. जुनं कामच कच्चं आहे म्हणाली. कापणीचा सण झाला की गिरजाघर उतरवायचं आणि तिथं टिनाचं शेड घालायचं, असं ठरलं. ते जुनं काम माझ्या वडिलांचं होतं. ते कच्चं नव्हतं, हे अख्ख्या गावात फक्त मला ठाऊक होतं.

घाटंजीच्या पुढं, आडवाटेला असलेलं आमचं गिरजाघर तसं लहानच. ना मनोरा, ना रंगीत काचा. काळ्या दगडाच्या दोन हात रुंद भिंती, वर सागाच्या कैच्या, त्यावर मातीचे कवेलू, आणि दर्शनी भिंतीच्या शेंड्यावर दगडी कमानीत टांगलेली एक घंटा. दारावर द्राक्षाचा वेल कोर, असं गोऱ्या साहेबानं बाबांना सांगितलं होतं म्हणे. बाबांनी जन्मात द्राक्ष पाहिलं नव्हतं. त्यांनी कपाशीची बोंडं कोरली. साहेब पोट धरून हसला आणि राहू दे म्हणाला. लहानपणी मला वाटायचं, देवाच्या वावरातही कापूसच पिकत असणार.

आपला जिल्हा छप्पन साली मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढल्या उन्हाळ्याची गोष्ट. मी यवतमाळला सरकारी बांधकामावर राबून आलो होतो आणि डोक्यात सिमेंटची हवा शिरली होती. बाबा त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. खाटेवर पडल्या पडल्या ते मला दोनदा म्हणाले होते, घाणीचा चुना, बैलांच्या घाणीत मळतात तो, कसा करतात तेवढं शिकून घे. मी म्हणालो, "आता तुमच्या चुन्याले कोन विचारते, बाबा?" त्या उन्हाळ्यात मी त्यांच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. गुळगुळीत, करडा, अगदी शहरातल्यासारखा! मंडळीनं वाहवा केली आणि मी गावभर छाती काढून फिरलो.

दोन पावसाळे गेले आणि भिंत फुगली. कारण माझ्या लक्षात आलं होतं. गिलाव्यावर टिचकी मारली की पोकळ वाजायचं, जोत्याशी बोट लावलं की ओल लागायची. दगडातली ओल पूर्वी चुन्यातून निघून जायची, तिची वाटच मी बंद केली होती. पण कचेरीची माणसं जुन्या कामाला नावं ठेवत होती तेव्हा मी खाली मान घालून उभा राहिलो. खापर मेलेल्या बापावर फुटत होतं आणि मी सुटत होतो. बायकोनं विचारलं, "अवो, बाबांच्या कामाले लोक नावं ठेवून राह्यले, अन् तुमी काहून गप्प?" मी तिच्यावरच खेकसलो. माझी प्रार्थनाही तशीच लबाड. देवा, भिंत वाचव, एवढंच मागायचो. मी काय केलं ते सांगत नव्हतो, जसं काही त्याला दिसलंच नव्हतं.

सणाला चार दिवस उरले होते. दुपारी मी गिरजाघराच्या आवारात उगाच बसलो होतो. तेवढ्यात एक म्हातारा बंजारा बैलजोडी घेऊन आला. फुलसावंगीकडच्या तांड्यातला होता, लेकीच्या गावी चालला होता. एक बैल लंगडत होता. सावली पाहून त्यानं बैल थांबवले, खुरातला काटा काढला, पाणी प्यायला आणि भिंतीला पाठ टेकली. टेकली तसा चटकन उठला. मग भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

"हे कोनं केलं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"इचं तोंड कोनं बांधलं? आतल्या आत गुदमरून राह्यली थे."

तोच सांगू लागला. पोरवयात बापाबरोबर वणीकडून बैलांवर चुना लादून तो इथं आला होता, आणि मग अख्खा हंगाम चुन्याच्या घाणीचे बैल त्यानंच हाकले होते. "थो गवंडी देवमानूस होता. मले रोज गुळाचा खडा द्यायचा. पन चुना लोण्यावानी झाल्याबिगर घाणी थांबू देत नोता. थ्याची भिंत अशी पडत नाई, बाप्पा! कोनं केलं हे?"

"म्या," मी म्हणालो, "थ्याच्या पोरानं." आणि मला रडू कोसळलं. भर दुपारी, अनोळखी माणसापुढं मी लहान पोरासारखा रडलो. त्यानं रागावून पाहिलं नाही.

"मंग काढून टाक," तो म्हणाला. "चुना घाणीत कसा मयाचा थे मी सांगतो."

कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक नव्या पिकातला वाटा वेदीपुढं आणून ठेवतात. प्रार्थनेच्या आधी मी उठलो आणि सगळं सांगितलं. सिमेंटचं, बाबांच्या बोलण्याचं, माझ्या गप्प बसण्याचं, म्हाताऱ्याच्या चुन्याचंही. एक वडीलधारे पंच कडाडले, "बापाचं नाव बुडवलं रे तुनं!" खरंच होतं. मी ऐकून घेतलं. बैलाचा पाय बरा होईपर्यंत म्हातारा गावातच थांबला होता. पाळकसाहेबांनी दाराशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याला विचारलं, चुन्यात काय काय लागतं? तो म्हणाला, गूळ, उडीद, हिरडा आणि बेलाचा गर. सगळ्यांच्या नजरा वेदीकडे गेल्या. उडदाची पोती तिथंच होती. गुळाच्या ढेपी होत्या. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेल्या बाईनं टोपलीभर हिरडा आणला होता. मी पुष्कळदा आठवून पाहिलं, आदल्या कुठल्या सणाला कोणी हिरडा वाहिल्याचं मला आठवत नाही. बेल महादेवाच्या देवळातल्या गुरवानं पाठवला. आमच्याही भिंतीत हाच गर हाय, असा निरोप वर.

पाळकसाहेबांनी कचेरीतून पावसाळ्यापर्यंतची मुदत आणली. मी छिन्नी घेऊन माझाच गिलावा उतरवला. आत बाबांचा चुना ओला गच्च झाला होता. हिवाळाभर भिंत वाळू दिली, उपासना कडुनिंबाखाली चालली. मग टेकू लावून पोटाचा भाग उतरवला, दगडांवर खुणा केल्या आणि तेच दगड त्याच जागी परत बसवले. म्हातारा उन्हाळ्यात बैल घेऊन पुन्हा आला. घाणी फिरे आणि तो बैलांना त्याच्या गोरबोलीत काहीबाही सुनावत राही. एकदा मी म्हणालो, देवानंच तुम्हाला धाडलं. तो हसला. "मले बैलानं आनलं, बाप्पा. काटा रुतला होता."

आता नऊ-दहा वर्षं झाली. भिंत सरळ उभी आहे, हात लावला तर कोरडी लागते. कचेरीची माणसं नंतर आली तेव्हा मी त्यांना बाबांची बोंडं दाखवली आणि बाबांचं नाव मोठ्यानं सांगितलं. देवापुढं बसलो की हल्ली मी आधी काय केलं ते सांगतो, मग मागायला लागतो, आणि बहुतेक वेळा मागायचं राहूनच जातं. भिंतीकडे बघायची गरज पडत नाही. डोळे आपोआप मिटतात. परवा तर बायकोनं उपासनेनंतर दारातच अडवलं, "अवो, तुमी डोये मिटून प्रार्थना करता का झोपता?" मी म्हणालो, "दोन्ही," आणि बाबांच्या बोंडांखालून आम्ही हसत बाहेर आलो.