साखळी

लाइनमन शेषेराव खांबावर चढण्याआधी जमिनीला पाणी पाजायचे. तारांवर लोखंडी साखळी टाकायची, तिचं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं आणि सळईच्या बुडाशी आपल्या कॅनमधलं प्यायचं पाणी ओतायचं. चुकून कोणी लाइन सुरू केलीच, तर करंट अंगातून न जाता साखळीतून जमिनीत उतरावा म्हणून हा खटाटोप.

त्या साली केज तालुक्यात टँकरपाशी घागरींवरून डोकी फुटत होती. मी सबस्टेशनवर नवा ऑपरेटर होतो. डिप्लोमाची गुर्मी इतकी, की वडिलांच्या वयाच्या या माणसाला अरे-तुरे करायचो.

"लाइन मी बंद केलीय ना? मग पाणी कशाला वाया घालवतोस? माझ्यावर भरोसा नाही?"

"भरोसा लई हाय, सायेब. पर कोरडी भुई करंट घेत न्हाई. आधी हिला पाजावं, मग आपुन प्यावं."

फॉल्ट शोधायला ते तारेखालून चालत जायचे, तेही जमिनीकडे बघत. कुठे मेलेला कावळा, कुठे करपलेलं गवत. म्हणायचे, "बिघडतं वर, पर कळतं खाली."

एका दुपारी ते युसूफ वडगावच्या लाइनवर होते. काम संपल्यावर लाइनमनने स्वतः येऊन सही करायची, मगच लाइन सुरू करायची, असा नियम. तेवढ्यात दूध सोसायटीच्या चेअरमनचा फोन आला.

"सायेब, दूध नासाया लागलंय. औंदा गावाला त्येवढाच आधार हाय. तुमचा लाइनमन कवाच खाली उतरला, आमच्या माणसानं बघितलं."

एवढा मोठा माणूस मला साहेब म्हणतोय, याचंच मला कौतुक. मी लाइन सुरू केली. धाडकन आवाज झाला आणि ब्रेकर पडून लाइन आपोआप बंद झाली.

शेषेराव उतरले होते, हे खरं होतं. सळईजवळची माती सुकली म्हणून उरलंसुरलं पाणी ओतायला उतरले होते. ओतून पुन्हा वर चढले होते.

संध्याकाळी त्यांनी साखळी माझ्या टेबलावर ठेवली. दोन कड्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. मी रिपोर्टात लिहिलं, 'काम संपल्यावर लाइनमन साखळी काढण्यास विसरला.' त्यांना नोटीस आली. ती त्यांनी सावकाश वाचली, माझ्याकडेच पेन मागितलं आणि चूक कबूल म्हणून सही केली.

"तुमची नवी नौकरी हाय," ते म्हणाले. "पर सायेब, फोनवर सांगितल्यालं तारंला कळत न्हाई."

त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करू लागलो. खरं बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारात मोठे साहेब कौतुकाने म्हणाले, "सगळ्या नोकरीत यांची चूक एकच. एकदा साखळी काढायची विसरले." सगळे हसले. हारात मान खाली घालून शेषेरावही हसले. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. माइक हाताच्या अंतरावर होता. अजून लाज वाटते ती याची, की तेव्हा मीही हसलो.