वाळू भरून वाकवलेला पाईप

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तरेतल्या एका उंच पोस्टवर होती. हुद्दा नायक, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, गाव जयगडच्या खाडीकाठचं. आमचे डिटॅचमेंट कमांडर हवालदार दत्ताराम सावर्ड्याजवळच्या एका वाडीतले. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. चारचौघांत हिंदी, दोघंच असलो की गावची भाषा. मी ताज्या मासळीसाठी कुरकुर केली की म्हणायचे, "सलीम, तुझी खाडी गोठवून मागवू काय?"

पहाटे साडेपाचला उठायचं, सहाला इंजिनं सुरू करून गरम ठेवायची, आठला चहा. उस्ताद मोडकं काही फेकू देत नसत. तुटके नट, जुन्या बुखारीचा, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या तेलाच्या शेगडीचा, तांब्याचा पाईप, सगळं एका पेटीत. आम्ही त्या पेटीला उस्तादांचं आंदण म्हणायचो. त्यांनी ते ऐकलं होतं, पण पेटी काही हलली नाही.

एके सकाळी सहा चाळीसला लंगरचा कूक गुरमीत उठलाच नाही. ओठ निळे, श्वासात घरघर. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्यातला प्रकार. उपाय एकच, ताबडतोब खाली नेणं. ढग उतरलेले, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. गाडी एकच आणि तिचा डिझेलचा पाईप आदल्या दिवशी दगड लागून फुटलेला. स्पेअर नव्हता.

वायरलेस सेटवर खालच्या तळावरून विचारलं, "गाडी कब निकलेगी? ओव्हर."

"एक घंटा. ओव्हर," उस्ताद म्हणाले. मी घड्याळ बघितलं. सात पाच.

पेटीतून हात हातभर लांबीचे तांब्याचे दोन तुकडे निघाले. चासीला वळसा घालून जायला पाईपला तीन बाक हवे होते. पाईप नुसता वाकवला तर बाकावर चपटा होतो आणि डिझेल अडतं. म्हणून आत वाळू भरायची, गच्च. उस्तादांनी बंकरची एक सॅन्डबॅग फाडली. गोठलेली वाळू लंगरमध्ये नेऊन गुरमीतच्याच कढईत भाजली. वाळू ओली राहिली तर गोळे धरते आणि गच्च बसत नाही. मग चाळली. दोन्ही तुकडे स्टोव्हच्या आचेवर लाल करून निवू दिले, म्हणजे तांबं मऊ पडतं.

पहिला तुकडा मी घेतला. घाई केली. वाळू ओतली, टोकाला लाकडी खुंटी मारली, वाकवायला घेतला. दुसऱ्याच बाकाला पाईप मधोमध दुमडला. आत पोकळी राहिली होती.

मी उस्तादांकडे बघितलं नाही. शिव्या खायची तयारी होती. त्यांनी उरलेला तुकडा माझ्या हातात ठेवला.

"उस्ताद, आता तुम्हीच करा."

"मी गाडीखाली जातंय, फुटका काढायचा हाय. तू भर नि लाकडानं ठोकत ऱ्हा. मी आवाज ऐकतंय."

ते गाडीखाली गेले. मी चमचा चमचा वाळू टाकत होतो, ठोकत होतो. खालून आवाज यायचा, "पोकळ वाजतंय. ठोक." पुन्हा, "वरच्या अंगाला पोकळ हाय." मला काही फरक कळत नव्हता. मग कळू लागला. पोकळ जागी पाईप वाजतो, भरल्या जागी मुका होतो.

"झालं. आता वाकव."

इनॅमलच्या मगाभोवती तीन बाक सावकाश घेतले. एकही चपटा झाला नाही. स्टेपनीची हवा सोडून वाळू फुंकून काढली, दोनदा डिझेलने धुतला. आठ दोनला गाडी निघाली. वाटेत पाईपने दगा दिला तर कोणीतरी हवं म्हणून उस्ताद स्वतः बसले. मला म्हणाले, "कढई घासून ठेव. तो परत आला की बोंबलेल."

गुरमीत वाचला. आजही सणासुदीला त्याचा फोन येतो.

दुसऱ्या दिवशी परत येताना गाडीवर बर्फाचा कडा कोसळला. उस्ताद आणि ड्रायव्हर, दोघेही गेले. गाडी तीन दिवसांनी सापडली. पाईप जागच्या जागी होता. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्या वेळी अभिमान वाटल्याची लाजही वाटली.

आता मी घरामागच्या शेडमध्ये लोकांना गेट, रेलिंग करून देतो. महागडं बेंडिंग मशीन नाही. बाक घ्यायला गाडीची जुनी रिम चिऱ्यावर घट्ट बसवली आहे, आचेला करवंट्यांचा कोळसा, आणि मीठ धुऊन भाजलेली किनाऱ्याची वाळू. लोक कारागिरीचं कौतुक करतात. मी उस्तादांचं नाव सांगतो.

गेल्या महिन्यात सावर्ड्याला वहिनींकडे गेलो. उस्तादांच्या पत्नी. गुडघे दुखतात, दारापुढे पाच पायऱ्या, आधाराला काही नाही. रेलिंगचा बाक पायऱ्यांना लावून बघावा लागतो, म्हणून रिम आणि वाळू घेऊन त्यांच्या दारापुढच्या खळ्यातच बसलो. इंची पाईपात वाळू भरली, ठोकली. पुरे झालं असं वाटून कोळसा पेटवायला उठलो.

आतून, चुलीपाशी बसलेल्या वहिनींचा आवाज आला.

"भावजी, वरच्या अंगाला अजून पोकळ वाजतंय."

मी जागीच थांबलो. "वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"रजेवर आले की खळ्यात हेच चालायचं तेंचं. मी हितून सांगायची, झालं की नाय ते. तेंना उशिरा कळायचं."

मी पुन्हा खाली बसलो. आतून "झालं" ऐकू येईपर्यंत ठोकत राहिलो.