पेन्सिलीतले घोडे

मीरा रोडला बसून आयर्लंडच्या घोड्यांची वजनं करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो सिल्व्हर पार्कमध्ये आमच्या समोरच्या दारात राहत होता. मी त्यांना काका म्हणत असे. नात्यानं ते माझे कोणी नव्हते. ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही गिरगावातून आणि ते परळहून, नळाला चोवीस तास पाणी येईल या बिल्डरच्या शब्दावर विश्वास ठेवून इथे राहायला आलो, आणि टँकरच्या रांगेत एकमेकांच्या बादल्या सांभाळता सांभाळता जे नातं जुळतं ते जुळलं. आमच्या खिडकीतून तेव्हा मिठागरं दिसत. पावसाळ्यात जिन्यापर्यंत चिखल येई, आणि त्या चिखलातून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात चपला घेऊन, ताठ मानेनं चालणारे काका इंग्लंडच्या एखाद्या हिरवळीवर ओल कितपत आहे याचा विचार करत असत.

काका सरकारी वजन-माप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, कमी भरणारं वजन जप्त करायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं आणि त्याची सवय इतकी हाडीमासी मुरली की निवृत्तीनंतरही बाजारात ते भाजीकडे न बघता आधी काट्याकडे बघत. उत्तनजवळच्या चौक गावाहून पाटी घेऊन येणारी कोळीण त्यांना बघितलं की काटा पदरानं पुसायला लागे. "माजा काटा बरोबर हाय बाबा, खोट न्हाय त्यात," ती म्हणे, "पन तू असा बगत रायलास का माजाच हात थरथरतो." काका खाली वाकून, काट्याचा तोल डोळ्यांच्या पातळीवर आणून बघत आणि गंभीरपणे सांगत, "काटा उत्तम आहे. पापलेट मात्र परवाचं आहे." तिनं त्यांना शिव्या घातल्या नाहीत असा वार मला आठवत नाही, आणि त्यांच्याकडे तिनं कधी परवाचं पापलेट खपवलं, असंही आठवत नाही.

पण हा झाला पोटापाण्याचा काटा. खरा काटा बुधवारी निघायचा. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर फर्नांडिस राहत. विमानतळावर परदेशातून आलेली विमानं साफ करणाऱ्या माणसांवर ते मुकादम होते. उतारूंनी सीटच्या खिशात टाकून दिलेली इंग्रजी वर्तमानपत्रं ते काकांसाठी घडी करून आणत. शनिवार-रविवारी इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स, कधी अमेरिका, कधी जपान इथे ज्या मोठ्या शर्यती झाल्या त्यांची पानं बुधवारपर्यंत काकांच्या हाती पडत. म्हणजे साऱ्या जगाचा रविवार संपून तीन दिवस झाले की काकांचा रविवार उगवे. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ते माझं दार वाजवत आणि म्हणत, "चल, वजनं करायचीत." मी चहा अर्धा टाकून जात असे, कारण उशीर झाला तर घोडे खोळंबतात अशी त्यांची समजूत होती.

यात वजन कसलं, असं मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं. तेव्हा काकांनी मला जे समजावलं ते इतकं सोपं होतं की रेस हा जुगार आहे यावरचा माझा विश्वास उडाला. प्रत्येक घोड्याच्या पाठीवर जॉकी आणि खोगीर मिळून ठरलेलं वजन असतं. वयानं लहान असेल त्याला सूट, मादी असेल तिला आणखी सूट. कोण किती घोड्यांच्या लांबीनं हरला, कोणाच्या पाठीवर किती पौंड होते, मैदान ओलं होतं की सुकं, सुरुवातीला कोणी उगाच पळवलं का, हे सगळं धरून काका प्रत्येक घोड्याला एक आकडा देत. एकशे वीसच्या वर गेला तो पहिल्या प्रतीचा. एकशे तीसच्या वर गेला की काका उठून उभे राहत आणि खिडकीतून मिठागरांकडे बघत. अडथळ्यांवरून उड्या मारणारे घोडे त्यांना चालत नसत. "सपाटीवर पळ म्हणावं," ते म्हणत, "उड्या माकडंसुद्धा मारतात."

आकडा आधी पेन्सिलीनं लिहायचा हा त्यांचा कडक नियम. जिंकलेला घोडा किती चांगला हे त्याला विचारायचं नाही, हरलेल्यांना विचारायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे मागे राहिलेले घोडे पुढच्या तीन-चार रविवारी कसे धावतात ते बघायचं, आणि मगच पेन्सिल पुसून शाई. एका ऑक्टोबरात पॅरिसच्या मोठ्या शर्यतीत एक घोडा बाकीच्यांना पार मागे टाकून आला. इंग्रजी पेपरांनी त्याला शतकातला घोडा म्हटलं. काकांनी पेन्सिलीनं एकशे सत्तावीस लिहिलं आणि वही मिटली. मी म्हटलं, "काका, सगळं जग म्हणतंय." ते म्हणाले, "जगाला घाई असते. दुसरा आणि तिसरा पुन्हा धावू देत." महिन्याभरात दुसरा आणि तिसरा भलतीकडेच साध्या घोड्यांकडून हरले. काकांनी शांतपणे पुसून एकशे तेवीस केलं आणि त्या संध्याकाळी मला स्वतःच्या वाट्याची खारी दिली.

त्यांनी आयुष्यात एक रुपया लावला नाही. "पैसे लावले की डोळे बिघडतात," ते सांगत, "मग माणसाला फक्त स्वतःचाच घोडा दिसतो." पण हे लोकांना पटवणार कोण? बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला दर शनिवारी त्यांना अडवायचा. "अंकल, संडे का एक नंबर दे दो ना!" काका प्रामाणिकपणे म्हणत, "भैया, मेरे पास जो संडे है, वो हो चुका है." तो बिचारा हे सांकेतिक भाषेत दिलेलं उत्तर समजून पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचा. काकूंच्या माहेरी रेसनं एका मामांचं घर बुडवलं होतं, त्यामुळे त्यांना तर तो शब्दही घरात नको असे. बुधवारी संध्याकाळी देवापाशी दिवा लावायची वेळ झाली की आतून आवाज येई, "घोड्यांचे हात धुवा आधी!" काका उठून साबणानं हात धुवून येत, उदबत्ती लावत आणि परत येऊन वही उघडत. मीही हात धुवून येत असे, न जाणो.

हे वेड लागलं कुठे, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी खात्यानं त्यांना रेसकोर्सवर जॉकींचा काटा तपासायला पाठवलं होतं. शर्यतीआधी जॉकी खोगिरासकट काट्यावर बसतो हे त्यांना ठाऊक होतं. पण शर्यत संपली, टाळ्या, शिट्ट्या, हार, आणि तो जिंकलेला जॉकी घामानं निथळत, खोगीर छातीशी धरून, मुकाट्यानं पुन्हा येऊन काट्यावर बसला. वजन कमी भरलं तर जिंकलेलं बाद. "जिंकल्यावर पुन्हा काट्यावर बसणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता रे," काका म्हणाले. "आमच्या खात्यात तर नाहीच नाही." मला ते त्या दिवशी फार आवडले.

माणसांनाही ते कधीकधी आकडे देत. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीनं तासभर भाषण केलं तेव्हा माझ्या कानात म्हणाले, "शहाण्णव. पल्ला झेपत नाही." काकूंना मात्र कधी आकडा दिला नाही, काट्याची भीती काय असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आणि इंग्लंडात त्यांचा एक लाडका म्हातारा घोडा होता. तो दर मोसमात मोठ्या शर्यतींत धावे आणि दर वेळी तिसरा नाहीतर चौथा येई. त्याला काकांनी वर्षानुवर्षं एकच आकडा दिला, एकशे बारा, तोही थेट शाईनं. मी हसलो तर चिडले. "हा कधी कमी धावत नाही, कधी जास्त धावत नाही. याच्यावरूनच बाकीच्यांची वजनं कळतात. हा माझा शिक्क्याचा दगड आहे." मग मी लाडात येऊन विचारलं, "आणि मला किती, काका?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू अजून पेन्सिलीत आहेस."

पुढे एका बुधवारी त्यांनी पेपर माझ्याकडे दिला. "आज तू वाच. चष्म्याचा नंबर बदलायचाय." पुढच्या बुधवारीही चष्म्याचा नंबर बदलायचा होता. हे आठ महिने चाललं. मी वाचे, ते डोळे मिटून ऐकत, आणि आकडा सांगत. वहीत लिहीत ते मात्र स्वतः, नाक कागदाला टेकवून, आणि ओळी एकमेकींवर चढत. अखेर काकूंनीच मला जिन्यात गाठून सांगितलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती दिवस राहील सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. "तुला सांगू नको म्हणालेत. बुधवार बंद होईल म्हणून घाबरलेत." त्यानंतर लिहायचं काम काकूंनी घेतलं. ज्या वहीला त्या कधी बोट लावत नव्हत्या ती मांडीवर घेऊन त्या आयरिश घोड्यांची नावं मराठीत लिहायला लागल्या, आणि दिवा लावायच्या आधी दोघंही हात धुवायला लागले.

मग फर्नांडिस निवृत्त होऊन गावी गेले आणि पेपर थांबले. मी फोर्टातल्या रद्दीवाल्यांकडे हिंडलो, काही दिवस जुनेपुराणे अंक मिळाले, नंतर तेही मिळेनात. काका दार वाजवायचे बंद झाले, इतकंच. त्या ऑक्टोबरात, पॅरिसच्या शर्यतीच्या आठवड्यात, काकू आमच्या दारात आल्या. आल्या त्या आत येईनात, चौकटीला धरून उभ्या. "धड जेवत नाहीत रे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. काहीतरी वाचून दाखव. काहीही." एके काळी रेसच्या नावानं कानांवर हात ठेवणारी बाई माझ्याकडे घोडे मागायला आली होती. मी घरातला कालचा मराठी पेपर उचलला आणि समोर गेलो.

"काका, पॅरिसचा निकाल मिळाला!" मी म्हटलं.

ते उठून बसले. इतके पटकन, की माझी पाचावर धारण बसली. कारण मी काहीच ठरवून आलो नव्हतो.

"कोण आला?"

समोर खिडकी होती आणि खिडकीतून फाटकावरची पाटी दिसत होती. "सिल्व्हर पार्क," माझ्या तोंडून गेलं.

काका म्हणाले, "नाव बरंय. घोडा की घोडी?"

"घोडी. तीन वर्षांची."

"तबेला कुठला?"

"आयर्लंड."

"आयर्लंडचीच असणार," ते म्हणाले. मला धीर आला. मी पेपरातल्या पाणीकपातीच्या बातमीवर नजर ठेवून शर्यत सांगू लागलो. आदल्या रात्रीचा पाऊस, जड झालेलं मैदान, सगळ्यांत मागे राहिलेली घोडी, शेवटच्या वळणावर बाहेरून सुटलेली. सांगता सांगता मलाच ती दिसायला लागली. माझा आवाज चढला, काकू स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या. शेवटच्या शंभर यार्डांत मी तिला एका बलाढ्य इंग्लिश घोड्याच्या पुढे काढली आणि घाम पुसला.

"पाठीवर किती होतं तिच्या?"

"एकशे बत्तीस पौंड."

"आणि त्या इंग्लिश घोड्याच्या?"

"एकशे चोवीस."

काका म्हणाले, "वजन परत वाच." मी तेच आकडे परत वाचले. "हं," ते म्हणाले आणि उशीला टेकून किंचित हसले. "आकडा नंतर बघू. ए, भूक लागली गं." त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. लहान घोडीला सूट मिळते, तिच्यावर मी सगळ्यांत जास्त वजन लादलं होतं, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं. आठ-नऊ वर्षांत शिकलेला पहिला धडा मी विसरलो होतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काका गेले. काकू मुलीकडे नाशिकला राहायला निघाल्या तेव्हा त्यांनी वह्यांचं बाड माझ्या हातात दिलं. "तुझ्याशिवाय कोण वाचणार हे!" मी तिथेच उभ्या उभ्या शेवटचं पान काढलं. काकूंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सिल्व्हर पार्क. वजन चुकीचं. बाद.' मी हसलो, आणि हसता हसता खालची ओळ दिसली. तिथे माझं नाव होतं, आणि नावापुढे निळ्या शाईत आकडा, एकशे बारा.

काकू सामानाची दोरी आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू वाचून गेलास त्या दिवशी जेवण झाल्यावर लगेच माझ्याकडून लिहून घेतलं. मी नेहमीसारखी पेन्सिल घेऊन बसले होते. तर म्हणाले, ती ठेव, पेन आण."