रिकामी डबी परत आणा

लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा सासरी तीन वस्तू घरात तयार होत आणि पुढच्या खोलीतल्या दुकानात विकल्या जात: शिकेकाई, सुगंधी उटणं आणि हळदीचं कुंकू. शिकेकाई आणि उटणं पुड्यांमधून जात, कुंकू मात्र प्लॅस्टिकच्या लाल डब्यांतून. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, प्लॅस्टिकचं अप्रूप अजून ओसरलं नव्हतं. महिन्याभरात झाकण चिरायचं, डबी उकिरड्यावर जायची आणि बाई नवी न्यायची. पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या गटारात या डब्या तरंगत, वर आमचंच लेबल. मला त्याची भयंकर लाज वाटे.

मी रसायनशास्त्राची पदवीधर, त्यातून तोंडाळ. सासूबाईंना मी सांगून टाकलं की हे थांबवायला हवं. लाकडी डबी करू, आयुष्यभर टिकणारी. कुंकू संपलं की बाईनं रिकामी डबी आणून द्यायची आणि दुसरी भरलेली न्यायची, सोड्याच्या बाटल्यांसारखं. परत आलेली डबी आपण स्वच्छ करून पुन्हा भरायची. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि संक्रांतीपर्यंत मुदत दिली. बायका डब्या घेऊन परत आल्या तर ठीक, नाहीतर प्लॅस्टिकच्या डब्यांची पोती पूर्वीसारखी येतील आणि मी पुन्हा धंद्यात तोंड घालायचं नाही. या घरात माझं काही चालणार की नाही, ते त्या डबीवर ठरणार होतं.

पाटणकडचे एक कातारी मला माहीत होते. लाटणी आणि भोवरे करायचे. त्यांनी शिवणीच्या लाकडाची फिरकीच्या झाकणाची डबी करून वर लाखेचा हात दिला. डबी हातात खेळवत म्हणाले, "आवं ताई, ही काय फुटायची न्हाई. मंग पुढल्या साली माज्याकडं कशाला येशीला?" मी हसले. मला वाटलं, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र ते काय असणार.

दुकानाबाहेर मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: 'कुंकू संपले? रिकामी डबी परत आणा.' अक्षर माझं सुरेख आहे, त्याचाही थोडा तोरा होता.

डब्या हातोहात खपल्या. शिकेकाई-उटण्यासाठी तर बायका आपणहून घरच्या बरण्या आणू लागल्या, पुड्यांचा कागदही वाचला. पण कुंकवाची एक डबी परत येईल तर शपथ. दिवाळी गेली, मार्गशीर्ष लागला. त्याच बायका बरणीतून शिकेकाई न्यायच्या, पाटीकडे बघायच्याही नाहीत, आणि कुंकू पलीकडच्या दुकानातून घ्यायच्या. प्लॅस्टिकच्या डबीतलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एक दिवस मला राहवलं नाही. शेजारच्या मावशी उटणं घ्यायला आल्या होत्या. त्यांचे मालक तेव्हा मिरजेला दवाखान्यात होते. मी म्हटलं, "मावशी, तुमची कुंकवाची डबी एव्हाना रिकामी झाली असेल की. आणा ना." मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. उटण्याची बरणी तशीच ठेवून त्या निघून गेल्या.

सासूबाईंनी आतून ऐकलं होतं. बाहेर आल्या त्या संतापूनच. कुंकू संपलं असं कोणी म्हणतं का? कुंकू वाढलं म्हणायचं. डबी कधी रिकामी होऊ द्यायची नसते, तळाला चिमूट असतानाच वर भरायची. आणि आपल्या कुंकवाची डबी परक्याच्या हाती देऊन दुसरीची कोण घेईल? "एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

मी म्हटलं, "आमच्या घरात कुंकवाची डबी नव्हती."

वडील लष्करात होते. मी दोन वर्षांची असताना गेले. आईनं मला वाढवलं, शिकवलं, शेत सांभाळलं, पण हे शब्द तिच्या तोंडी यायला कारणच उरलं नव्हतं. सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. मग त्यांनी पाटी उतरवून माझ्यापुढे ठेवली आणि नवीन मजकूर सांगितला: 'आपली डबी आणा, भरून न्या.' त्यानंतर मावशींकडे जाऊन माझ्या वतीनं माफी मागून आल्या. मी मान वर करू शकत नव्हते.

अदलाबदल बंद केली. बाईची डबी बाईच्या समोर उघडायची, तळाची चिमूट हलवायची नाही, वरून भरायचं. स्वच्छतेचं माझं शास्त्र मी गुंडाळून ठेवलं. संक्रांतीच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि प्रत्येकीच्या पिशवीतून लाकडी डबी निघत होती. मावशींचीही निघाली. प्लॅस्टिकची पोती पुन्हा आली नाहीत.

चैत्रात आई साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून मला भेटायला आली. निघताना सासूबाईंनी तिच्या हातात एक भरलेली डबी ठेवली. आई म्हणाली, "मला कशाला वो ह्ये, विहीणबाई?" सासूबाई म्हणाल्या, "घरात असू दे." मला सासूबाईंचा राग आला. आईला उगाच दुखवलं असं वाटलं. आईनं डबी पिशवीत घातली.

पुढच्या वर्षी आई आली ती थेट दुकानात. कपाळ नेहमीसारखं मोकळं. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांचं होईपर्यंत थांबली आणि मग डबी माझ्यापुढे सरकवली. मी झाकण फिरवलं. तळाला चिमूटभर उरलं होतं. गावात कोणाला दिलंस का, असं मी विचारलं.

"न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "सकाळी दार उघडायच्या आदी लावती. मंग पुसून टाकती."

डबी हातात धरून मी तशीच रडत उभी राहिले. सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि आईच्या समोर काठोकाठ भरून दिली.